काळा धूर आणि पंपावरचा आळ

धार जिल्ह्यात अमझेऱ्याकडून सोयाबीन भरून निघालेला ट्रक चढणीला काळा धूर ओकू लागला, की पहिला आळ इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर येतो: डिझेल जास्त जातंय, थोडं कमी करा. तपासाची ही सुरुवातच उलटी आहे. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये दोन्ही नीट मिसळायला वेळ नसतो, म्हणून हवा त्याहून बरीच जास्त असावी लागते. ही शिल्लक घटली की काजळी होते. शिल्लक डिझेल वाढल्याने घटते, तशीच हवा अडल्यानेही. धुरावरून एवढंच कळतं की तोल गेला. कोणत्या बाजूने गेला, ते शोधावं लागतं.

धूर केवळ ओझ्याखाली येत असेल, तर संशय आधी हवेवर घ्यावा. काळ्या मातीच्या धुळीने एअर फिल्टर चोंदतो. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज फाटला किंवा क्लिप सैल झाली, तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. अशा सांध्याभोवती बऱ्याचदा तेलकट धूळ जमलेली दिसते. गाडी नुसती उभी चालू असतानाही धूर असेल, तर मात्र डिझेल फवारणारा नोझल तपासावा. जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट क्षणभर सैल करतात. ज्याच्या वेळी धूर कमी होतो, तो नोझल गळका. कॉमन रेल इंजिनात हे चुकूनही करू नये. तिथला दाब जीवघेणा असतो.

डिझेल कमी केल्यावर धूर थांबतो, मग निदान खरंच ना, असं कोणी विचारेल. धूर थांबतो, कारण अपुरी हवा आता कमी डिझेलला पुरते. दोष जागच्या जागी राहतो, ताकद जाते आणि भरली गाडी घाटात खालच्या गिअरवर रखडते. माळव्याचं पठार उंच, हवाच विरळ, हेही कारण पुरत नाही: साडेपाचशे मीटरवर घनता पाचेक टक्केच घटते, आणि हाच ट्रक याच रस्त्यावर आधी स्वच्छ चालत होता. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी एक्झॉस्टच्या फिल्टरमध्येच अडकते, धूर दिसत नाही. स्कॅनर कोड दाखवतो, पण सैल क्लिप हातानेच सापडते. म्हणून पंपाचं सील तोडण्याआधी हवेचा सगळा मार्ग पाहावा. त्यात वेळ थोडा जातो, आणि जे बिघडलेलं नाही, ते बिघडत नाही.