संगणकावरील तक्ता : मागणी व उत्तर

जनरल रजिस्टर आणि हजेरीपत्रक ही दप्तरे शिक्षकाच्या नित्य परिचयाची आहेत. त्यांच्या जोडीला महाराष्ट्रात २०१५ साली 'सरल' ही संगणकीय प्रणाली आणि २०१८-१९ पासून देशभर 'यू-डायस प्लस' आली. अशा प्रणालीत पडद्यावर दिसणारा विद्यार्थ्यांचा तक्ता म्हणजे दप्तराचे पान नव्हे; तो एका मागणीला मिळालेले उत्तर होय. हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

माहिती ओळी व रकाने अशा कोष्टकांत साठवावी आणि कोष्टके समान खुणेने परस्परांशी जोडावी, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. शाळेचा अकरा अंकी क्रमांक ही तशीच खूण आहे. त्यातील पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र आणि पुढील दोन ०३ म्हणजे जळगाव जिल्हा.

तक्ता तयार होण्याचा क्रम सामान्यतः असा असतो. शिक्षक इयत्ता निवडून कळ दाबतो. ती मागणी दूरच्या संगणकाकडे जाते. तेथील कार्यक्रम तिचे नियमबद्ध प्रश्नात रूपांतर करतो : अमुक शाळेतील, चौथीतील मुलांची नावे व उपस्थिती द्यावी. कोठारातून केवळ अटीत बसणाऱ्या ओळी निघतात. मग प्रत्येक ओळीला व घराला खुणेचे शब्द लावून त्या शिक्षकाच्या यंत्राकडे पाठविल्या जातात. तेथे रेघा आखल्या जातात आणि तक्ता दिसू लागतो.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, क्रम सांगितला नसेल तर ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून अनुक्रमांकावरून मूल ओळखू नये. दुसरी, रिकामे घर आणि शून्य ही एक नव्हेत. शून्य म्हणजे मूल एकही दिवस आले नाही. रिकामे घर म्हणजे नोंदच झाली नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. 'उपस्थिती पन्नास टक्क्यांहून कमी असलेली मुले दाखवा', अशी मागणी केल्यास ज्याचे घर रिकामे आहे ते मूल तक्त्यात येतच नाही. कारण जे अज्ञात आहे ते पन्नासाहून कमी, असे यंत्र मानीत नाही.

समजा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरील कुटुंब मजुरीसाठी परगावी गेले आणि मुलाची नोंद राहून गेली. ज्याच्याकडे सर्वांत आधी लक्ष जावयास हवे, तेच मूल अशा यादीतून गळते. यंत्र चुकलेले नसते. विचारले तेवढेच त्याने सांगितलेले असते.

यास्तव शिक्षकांनी प्रथम अट न घालता संपूर्ण वर्गाचा तक्ता काढावा, ओळींची संख्या हजेरीपटाशी ताडून पाहावी आणि रिकामी घरे भरावीत. त्यानंतरच निवडक याद्या काढाव्यात. पट चाळीसाचा आणि ओळी एकोणचाळीस असतील, तर त्या चाळीसाव्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणे हे काम शिक्षकाचेच आहे.