छळ आणि छळवादी

सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही घरांत एक वाक्य आपण ऐकलें असेल. नातू आजीचा चष्मा लपवितो आणि आजी हंसत म्हणते, "काय छळवादी पोर आहे हें!" त्याच घरीं सकाळीं आलेल्या वर्तमानपत्रांत मथळा असतो, 'विवाहितेचा छळ'. पतीनें वा सासरच्यांनीं केलेला असा छळ १९८३ पासून स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरला आहे. शब्द एकच, एका ठिकाणीं कौतुक, दुसऱ्या ठिकाणीं गुन्हा. या शब्दाच्या पोटांत काय आहे, तें आज पाहूं.

पीडा, त्रास आणि छळ हे शब्द आपण सरमिसळ वापरतों. पण त्यांचीं मुळें वेगळीं आहेत. 'पीड्' म्हणजे दाबणें, पिळणें. संस्कृतांत 'त्रास' म्हणजे भय. आणि 'छल' म्हणजे कपट. हिंदींत 'छल' अजून कपटच आहे. मराठींत 'छळ' जाचाच्या अर्थीं रूढ झाला.

न्यायशास्त्रांत छल हा वादांतला एक कावा. त्याचें प्रसिद्ध उदाहरण असें: कोणी म्हणाला, देवदत्त 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याच्यापाशीं नवें कांबळें आहे. प्रतिपक्षी विचारतो, "नऊ कांबळीं कोठें आहेत?" 'नव' म्हणजे नवा, तसेंच नऊही. बोलणाराचा अर्थ ठाऊक असून भलताच अर्थ त्याच्या गळ्यांत बांधावयाचा, हा छल. घरांतला छळवादीही असाच वागतो. भाजींत मीठ कमी पडलें, उत्तर उशिरां दिलें, मान वर केली. एक निमित्त सरलें कीं दुसरें तयार.

आपल्या भागानें हें कपट कागदावरही पाहिलें आहे. कर्जरोख्यावर आंगठा कुणब्याचाच असे. परंतु हातीं पडलेली रक्कम आणि लिहिलेली रक्कम पुष्कळदां जुळत नसे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो साह्य-कायदा झाला, तो पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हां साताऱ्यांतच होता. रोख्यावर न थांबता देण्याघेण्याचा मुळापासूनचा इतिहास न्यायाधीशानें तपासावा, ही त्या कायद्याची मोठी तरतूद. छळ ओळखण्याची रीतही हीच. निमित्त पाहूं नये, इतिहास पाहावा.

मला ही रीत उशिरां कळली. मास्तर असतांना एका मुलाच्या प्रगतिपुस्तकांत मीं 'खोडकर' असा शेरा लिहिला. तो वर्गांतल्या एका अबोल मुलाच्या वर्षभर मागें लागला होता. कधीं वही दडव, कधीं डबा सांड. प्रत्येक तक्रार मीं सुटी पाहिली, म्हणून प्रत्येक क्षुल्लक वाटली. वर्ष संपण्यापूर्वींच त्या अबोल मुलानें शाळा सोडली. खोडींत शेवटीं दोघेही हंसतात, छळांत एकटाच हंसतो, एवढा भेद मला दिसावयास हवा होता.

आजीनें नातवाला खुशाल छळवादी म्हणावें. मायेच्या तोंडीं कठोर शब्दही मऊ होतो. परंतु खऱ्या छळवाद्याला 'खोडकर', 'तापट' किंवा 'जरा कडक' म्हणूं नये. त्या मऊ शब्दाच्या आडून त्याला आणखी एक वर्ष मिळतें.