कोरी चिप

मोबाइल, विजेचं मीटर, डिजिटल घड्याळ, या सगळ्यांच्या पोटात चिप असते हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. सिलिकॉनच्या चकतीवर घडवलेलं ते विद्युत्-मंडल म्हणजे एक शिलालेखच. एकदा कोरला की कोरला. अक्षर चुकलं तर दगड नवा घ्यायचा. आज जिच्याविषयी सांगायचं आहे ती चिप मात्र कारखान्यातून कोरी येते, पाटीसारखी. तिच्यात कोणतं मंडल असावं हे विकत घेणारा ठरवतो, आणि मन बदललं तर पुसून दुसरं लिहितो. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एफपीजीए' म्हणतात.

शिलालेखातली चूक केवढ्याला पडते, त्याचा दाखला 1994 सालचा आहे. अमेरिकेत लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणारे थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. उत्तरं किंचित चुकू लागली. शोध घेता घेता दोष निघाला तो इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता कोरलेला होता, त्यातल्या काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या! विकलेल्या चिपमध्ये हात घालून त्या भरणार कोण? चिपा बदलून द्याव्या लागल्या, आणि त्यापायी कंपनीने साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढले.

कोऱ्या चिपमध्येही तक्तेच असतात. फरक एवढाच, की ते आपण भरायचे.

समजा, पंप केव्हा चालावा हे ठरवायचं आहे. प्रश्न तीन : विहिरीत पाणी आहे का? तिन्ही फेज आहेत का? वरची टाकी भरली आहे का? प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, म्हणजे एकंदर 8 परिस्थिती. या 8 ओळींचा तक्ता करा आणि प्रत्येक ओळीपुढे 1 किंवा 0 लिहा. पाणी आहे, फेज आहेत, टाकी भरलेली नाही, एवढ्या एकाच ओळीपुढे 1 येईल. चौथा प्रश्न वाढवला तर ओळी 16 होतील. चिपमधलं प्रत्येक घर म्हणजे असा एक तक्ता, आणि त्याच्या जोडीला, निघालेलं उत्तर धरून ठेवणारा एक लहानसा खण. नियम बदलायचा तर चिपच्या आत तार तोडायची नाही, डाख द्यायचा नाही. 1 आणि 0 तेवढे बदलायचे.

पण एका घराचं उत्तर दुसऱ्या घरी जावं कसं? घरांच्या मधून उभ्या-आडव्या तारांचं जाळं असतं आणि जागोजागी सूक्ष्म स्विच. उसाला दारं धरणारा गडी एक दारं मोडतो, दुसरं बांधतो आणि पाणी हव्या त्या सरीत सोडतो. इथेही तसंच.

1970 च्या दशकात एकदाच लिहिता येतील अशा चिपा निघाल्या होत्या. आतले फ्यूज जाळून त्या पक्क्या करत. पुन्हा पुन्हा लिहिता यावं ही युक्ती रॉस फ्रीमन या अमेरिकन इंजिनिअरची. दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 1984 साली कॅलिफोर्नियात झायलिंक्स कंपनी काढली, आणि 1985 साली तिची पहिली चिप आली. घरं अवघी 64. निव्वळ सोयीसाठी एवढे ट्रान्झिस्टर खर्ची घालणं तेव्हा अनेकांना उधळपट्टी वाटे. फ्रीमन यांचा हिशोब असा, की ट्रान्झिस्टर वर्षागणिक स्वस्तच होणार. 1989 साली ते वारले. आजच्या मोठ्या चिपमध्ये अशी लाखो घरं असतात.

यामुळे इंजिनिअरची कामाची रीतच पालटली. तो आता मंडलाचं वर्णन व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल अशा खास भाषेत लिहितो, आणि कोणत्या घरात काय भरायचं ते संगणक ठरवतो. संगणकाच्या नेहमीच्या प्रोग्रॅमसारखं हे दिसतं खरं, पण तिथेच विद्यार्थी फसतात. प्रोग्रॅममध्ये एका आज्ञेमागून दुसरी पाळली जाते. इथे लेझीमच्या पथकासारखं, एका ठोक्याला सगळ्यांचं पाऊल एकदम पडतं.

पाटी स्वस्त पडते असं मात्र समजू नका. लाखो नग एकाच घडणीचे हवे असतील तर शिलालेखच परवडतो. तो वेगवान असतो आणि वीजही कमी खातो. शिवाय बहुतेक कोऱ्या चिपा वीज गेली की लिहिलेलं विसरतात. शेजारच्या स्मृती-चिपमधून ते दर वेळी पुन्हा भरून घ्यावं लागतं. नग थोडे आणि काम वरचेवर बदलणारं, तिथे पाटीला तोड नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांकडून येणारे संकेत नव्या यंत्रणेत आकड्यांत उतरतात, ते अशाच चिपांच्या साहाय्याने.

शिकण्यापुरता एफपीजीए बोर्ड काही हजार रुपयांत मिळतो. पहिला धडा बहुधा दिवा उघडमीट करण्याचा. बोर्डावरचं घड्याळ सेकंदाला 5 कोटी ठोके देत असेल तर अडीच कोटी मोजायचे आणि दिवा लावायचा; पुन्हा अडीच कोटी मोजून विझवायचा. एवढं मोजायला 1 आणि 0 चे किती खण लागतील, हे शिक्षकांनी वर्गात अवश्य विचारावं. 24 पुरत नाहीत, 25 लागतात.