आप्पांचा पहारा

बेळगावहून खानापूरकडे निघाले आणि उद्यमबागेतील कारखाने मागे पडले की पिरनवाडी लागते. आता शहर वाढत वाढत गावाला येऊन भिडले आहे. या गावातील आमच्या घरी सात वर्षे एक पहारा चालू होता. पहारेकरी होते आमचे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. घरीदारी सारे त्यांना आप्पाच म्हणत.

रेजिमेंटचे केंद्र बेळगावातच असल्याने आमच्या भागात फौजी माणूस नवलाचा नाही. आप्पांच्या तोंडून जमालपूरची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. डिसेंबर १९७१ मध्ये त्या ठाण्याला वेढा पडला असता ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूच्या कमांडरला शरण येण्याविषयी पत्र धाडले. उत्तरादाखल बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळलेली नकाराची चिठ्ठी आली. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या शत्रूला पहिल्या पलटणीने अडवले आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. हकीकत येथेच संपत असे. त्या रात्री शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती कामी आला होता, त्याविषयी मात्र आप्पा अवाक्षर काढीत नसत.

२०१६ च्या सुमारास त्यांचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडू लागला. एकच प्रश्न दिवसातून दहादा येई. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आम्हीही हसण्यावारी नेले. पुढे एके पहाटे बुटांना पॉलिश करून ते घराबाहेर पडले आणि टिळकवाडीत एका रिक्षावाल्याला सापडले. ‘फॉलिनची वेळ झाली, केंद्रावर सोड,’ असे ते त्याला सांगत होते. तेव्हा आमचे डोळे उघडले.

मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी ब जीवनसत्त्व व थायरॉइडची तपासणी करविली. कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. आप्पांना मात्र अल्झायमर निघाला. जर्मनीतील डॉ. अलोईस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम वर्णन केलेला हा रोग मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करतो. नव्या आठवणी साठविणारा भाग बहुधा आधी खचतो, म्हणून सकाळचे जेवण विसरले जाते आणि पन्नास वर्षांपूर्वीची रात्र लख्ख राहते. औषधांनी काही काळ थोडा आधार मिळतो. रोग हटत नाही. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. सियाचेनच्या बर्फात जवानांना वारंवार भेटणारे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनाही याच रोगाने ग्रासले होते. २०१९ साली ते निवर्तले.

रोगाचे नाव कळले, तरी कसे वागावे हे आम्हांस कळले नव्हते. दिवेलागणीला आप्पा अस्वस्थ होत, दाराशी जाऊन उभे राहत आणि त्या सोबत्याविषयी विचारीत, ‘तो अजून आला नाही? जेवला का तो?’ आम्ही भावंडे शिकलीसवरलेली, खरे बोलण्याच्या संस्कारात वाढलेली. आम्ही सांगत असू, ‘आप्पा, ते एकाहत्तरलाच गेले.’ त्यांना ती बातमी नवी असे. ते मटकन खाली बसत आणि लहान मुलासारखे रडत. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणे. जवळजवळ वर्षभर आम्ही त्यांना रोज त्या मृत्यूची बातमी दिली. त्याची टोचणी आजही जात नाही.

वाट दाखविली ती आमच्या आईने. एका संध्याकाळी आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘अहो, तो पहाऱ्यावर गेलाय. तुमची पाळी संपली, आता दोन घास खाऊन घ्या.’ आप्पांनी तिच्याकडे पाहिले, मान डोलावली आणि पाटावर येऊन बसले. चौथीपर्यंत शिकलेल्या आईला जे उमगले, ते आम्हांस पुस्तके चाळूनही उमगले नव्हते. आप्पा आमच्या काळात येऊ शकत नव्हते. आम्हांलाच त्यांच्या काळात जाणे भाग होते.

पुढची वर्षे सोपी नव्हती. थोरल्या भावाला ते ‘साहेब’ म्हणू लागले. हिंदी गेली, कानडी गेली, शेवटी मराठीही तुटक झाली. रात्री बाहेर पडू नयेत म्हणून दाराला वर एक कडी बसविली. आई खंगत चालली, तेव्हा कुठे आम्ही पाळ्या लावून घेतल्या. ते आधीच करावयास हवे होते. अखेर घास गिळणेही ते विसरले आणि २०२३ च्या पावसाळ्यात न्यूमोनियाचे निमित्त होऊन गेले.

लोक समाचाराला आले, ‘सुटले बिचारे’ म्हणाले. आमचे वडील मात्र आम्ही सात वर्षे थोडेथोडे गमावीत आलो होतो. रडू कधीच वाटून गेले होते.

वाचकहो, आपल्या घरी असा कोणी वडीलधारा असेल, तर म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका, वेळीच डॉक्टरांना दाखवा. सेवेचा भार एकट्या घरच्या बाईवर टाकू नका. आणि गेलेल्या माणसाची चौकशी त्याने केली, तर त्याच्याशी वाद घालू नका.

दारावरची ती कडी अजून तशीच आहे. आई ती लावीत नाही आणि आम्हांस काढूही देत नाही.