उभ्या गाडीचे इंजिन का थरथरते?

कापडाच्या धंद्यात मालाची गाडी पळते कमी आणि उभी राहते जास्त. एका दुकानासमोर दोन गाठी उतरवायच्या, पुढच्या दुकानासमोर चार, मध्ये सिग्नल, मध्ये हमालाची वाट. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे छोटी व्हॅन आहे त्यांचाही हाच अनुभव असेल. त्यामुळे रेस सोडल्यावर इंजिन थरथरणे, मिसिंग मारणे, सिग्नलवर बंद पडणे ही तक्रार आपल्याला इतरांपेक्षा जास्त छळते. गॅरेजमध्ये गेलो की बहुधा एकच नाव ऐकू येते: आयडल व्हॉल्व्ह खराब, बदलावा लागेल. आमचे म्हणणे एवढेच की, पैसे मोजण्याआधी हा व्हॉल्व्ह करतो काय आणि काय करत नाही, हे मालकाने समजून घ्यावे.

कार्बोरेटरच्या जमान्यात मामला सोपा होता. स्लो कमी झाला की मिस्त्री स्क्रू फिरवायचा, थंडीत आपण चोक ओढायचो. मारुती ८०० ला २००० साली पेट्रोल इंजेक्शन आले, ऑम्नीलाही ते मिळाले आणि हे काम कॉम्प्युटरकडे गेले. ८०० चे उत्पादन २०१४ साली आणि ऑम्नीचे २०१९ साली थांबले, तरी त्या पिढीच्या गाड्या अजून माल वाहताना दिसतात. खालील माहिती मुख्यतः अशा गाड्यांसाठी आहे.

रेस दाबली की थ्रॉटल बॉडीतली गोल पाकळी उघडते आणि हवा आत जाते. पाय काढला की पाकळी जवळजवळ मिटते. मग इंजिनाने श्वास कोठून घ्यायचा? त्यासाठी पाकळीला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट ठेवलेली असते. या वाटेच्या तोंडाशी एक टोकदार सुई असते. तिच्यामागची स्टेपर मोटर तिला एकेक पायरीने मागे-पुढे सरकवते. सुई मागे सरली की हवा जास्त, पुढे आली की कमी. हुकूम मात्र कॉम्प्युटरचा. इंजिनातले पाणी किती तापले, फेरे किती, एसी चालू आहे का, हे पाहून तो सुई हलवतो. सकाळी थंड इंजिन मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते, गरम झाल्यावर साधारण ७५० ते ९०० फेऱ्यांवर उतरते. एसी लावला की क्षणभर आवाज दबतो आणि लगेच सावरतो. हे सावरणे म्हणजेच त्या व्हॉल्व्हचे काम.

येथे ध्यानात घ्यावे की, हा व्हॉल्व्ह फक्त हवा देतो. विझलेला प्लग तो पेटवू शकत नाही. म्हणून मर्ज आधी लक्षणावरून ओळखावा. फेरे फार खाली येऊन गाडी बंद पडत असेल, पण थोडी रेस देताच ठीक चालत असेल, तर हवेची वाट काजळीने भरल्याचा संशय घ्यावा. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ नळीने पुन्हा आत ओढली जाते, तिचाच हा चिकट थर. फेरे उलट वर चढून राहत असतील किंवा वर-खाली हेलकावे खात असतील, तर कोठून तरी चोरटी हवा आत येत असावी. कॉम्प्युटर सुई मिटून फेरे उतरवू पाहतो, तरी तडकलेल्या नळीतून हवा येतच राहते. तिसरा प्रकार म्हणजे फेरे स्थिर, पण ठराविक तालात धक्के. तेथे एखादा सिलिंडर काम करत नसतो; प्लग, कॉइल, वायर किंवा इंजेक्टर पाहावा. शिवाय ऑम्नी आणि ८०० चे इंजिन तीनच सिलिंडरचे, थोडे थरथरणे त्याच्या स्वभावातच आहे. रबरी माउंटिंग बसले की तेच थरथरणे सीटपर्यंत पोहोचते, आणि खापर व्हॉल्व्हवर फुटते.

आमच्या ओळखीच्या एका होजिअरीवाल्याला एका गॅरेजने सबंध थ्रॉटल बॉडी बदलण्याचे एस्टिमेट लिहून दिले होते. मोहल्ल्यातल्या उस्तादाने चालू इंजिनाच्या नळ्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला. एका जागी पाणी पडताच इंजिनाचा आवाज बदलला. नळी कोपऱ्यात तडकली होती. ती बदलली आणि काम झाले.

ही पाण्याची तपासणी कोणीही करू शकतो, फक्त वायर आणि कनेक्टर भिजवू नयेत. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधणारे मिस्त्री आहेत. त्यांना थांबवावे, आग लागते. ब्रेक बूस्टरकडे जाणारी जाड नळी विसरू नये. गाडी उभी असताना ती क्षणभर दाबून धरली आणि इंजिन सुधारले, तर गळती बूस्टरच्या बाजूला आहे. हा प्रश्न मग ब्रेकचाही झाला, गाडी रस्त्यावर काढू नये. मिसिंगसाठी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही क्षण काढून पाहावा. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बसलेला आहे.

गळती नाही, प्लग ठीक, तेव्हा व्हॉल्व्हकडे वळावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थ्रॉटल बॉडी उतरवावी आणि त्यासाठीच्याच क्लीनरने वाट व पाकळीची कड धुवावी. सुईला बोटाने जोर लावू नये, मोटर पेट्रोलमध्ये बुडवू नये, गॅस्केट नवे घालावे. मोटरच्या कॉइल मीटरने मोजाव्यात. एक तुटलेली असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलण्यास इलाज नाही. जोडल्यावर एसी बंद ठेवून रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन जागेवर चालू द्यावे. सुईची नवी बैठक कॉम्प्युटरला शिकावी लागते, त्यामुळे पहिली काही मिनिटे आवाज वेडावाकडा आला तर घाबरू नये. काही गाड्यांत हे स्कॅनरनेच करावे लागते.

एक सवय मात्र मिस्त्रीला करू देऊ नये. कार्बोरेटरच्या आठवणीने काही जण पाकळीचा स्टॉप स्क्रू फिरवून स्लो वाढवून देतात. त्या दिवशी गाडी छान वाटते. पण पाकळी मिटली आहे हे कॉम्प्युटरला मग नीट कळत नाही, फेरे अडकू लागतात आणि खरा दोष झाकला जातो.

ज्यांनी सीएनजी बसवला आहे त्यांनी आधी गाडी पेट्रोलवर घेऊन पाहावी. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवरच थरथरत असेल, तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि गॅस इंजेक्टर पाहावेत, आयडल व्हॉल्व्हला हात लावू नये. जुन्या मिक्सरच्या किटमध्ये बॅकफायर झाला की एअर फिल्टरचा डबा आणि नळ्या फुटतात, तेही तपासावे.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हा वेगळा व्हॉल्व्ह राहिलेलाच नाही. पाकळीच मोटरने फिरते आणि तीच हवा कमी-जास्त करते. काजळी तेथेही बसते. साफ करताना चावी बंद असावी आणि पाकळी बोटाने जोर लावून उघडू नये, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात. अशा गाडीसाठी कोणी आयडल व्हॉल्व्हचे बिल हातात दिले, तर काढलेला जुना भाग दाखवायला सांगावे.