कोर्स सिक्सचे जुने विद्यार्थी

अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, चार्ल्स नदीच्या काठी असलेल्या एमआयटीत विभागांना आकड्याने ओळखतात. यंत्र अभियांत्रिकी म्हणजे दोन, भौतिकशास्त्र म्हणजे आठ आणि विद्युत अभियांत्रिकी म्हणजे सहा. या 'कोर्स सिक्स'मध्ये साधारण दर दोन वर्षांनी एक समिती येते. तिच्यातले अनेक जण याच विभागात शिकलेले असतात. कुणी पुढे कंपनी उभारलेली असते, कुणी मोठी प्रयोगशाळा चालवत असतो, कुणी दुसऱ्या विद्यापीठात प्राध्यापक असतो. विभागप्रमुख त्यांच्यापुढे विभागाची स्थिती मांडतात. मग समिती तरुण प्राध्यापकांशी वेगळी बोलते, पदवीच्या विद्यार्थ्यांशी वेगळी आणि संशोधक विद्यार्थ्यांशी वेगळी. त्या वेळी विभागप्रमुख खोलीत नसतात. निघण्यापूर्वी समिती संस्थेच्या अध्यक्षांना आपले म्हणणे तोंडी सांगते आणि मागाहून तिचा अहवाल कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एमआयटीच्या सर्वोच्च नियामक मंडळाकडे जातो.

या समितीला तिथे व्हिजिटिंग कमिटी म्हणतात. ही पद्धत १८७५ पासूनची आहे. संस्थेला सनद मिळाली १८६१ मध्ये, त्यामुळे संस्था जेमतेम उभी राहत असतानाच बाहेरच्या माणसांनी आत येऊन पाहावे, ही सोय तिने करून ठेवली. सदस्य तीन वाटांनी येतात. काही कॉर्पोरेशनच्या बाजूने, काही अध्यक्षांनी सुचवलेले, आणि काही माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने सुचवलेले. समितीचे प्रमुखपद कॉर्पोरेशनच्या सदस्याकडे असते. समितीला अधिकार मात्र एकच, पाहण्याचा आणि सांगण्याचा. ती कुणाची नेमणूक करू शकत नाही, कुणाला काढू शकत नाही, अभ्यासक्रमातला एक तासही बदलू शकत नाही. माझ्या मते तिचे बळ यातच आहे. जिच्या हाती हुकूम नाही तिच्याशी प्राध्यापक मोकळेपणाने बोलतात, आणि जिचा अहवाल थेट वरिष्ठ मंडळासमोर जातो तिचे म्हणणे दुर्लक्षून चालत नाही.

विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम एमआयटीत सुरू झाला १८८२ मध्ये, भौतिकशास्त्र विभागाच्या पोटात. तो सुरू करणारे चार्ल्स क्रॉस हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. टेलिफोनचे प्रयोग करणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना आपल्या विभागाची उपकरणे त्यांनीच वापरू दिली होती. आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्याच १८८२ साली एमआयटीत पहिला भारतीय विद्यार्थी दाखल झाला आणि तो पुण्याचा होता, केशव मल्हार भट. पुण्याच्या 'मराठा' साप्ताहिकातही त्या दशकात या संस्थेविषयी लिहून आले. पुण्यातल्या सुशिक्षितांना, तेव्हा बोस्टनमध्ये असलेली ही तंत्रसंस्था इतक्या लवकर ठाऊक होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

स्वतंत्र विभाग झाला १९०२ मध्ये आणि १९०७ मध्ये विस्कॉन्सिनहून ड्यूगल्ड जॅक्सन प्रमुख म्हणून आले. जॅक्सन यांना कारखाना आणि वर्ग यांच्यात भिंत नको होती. त्यांच्या काळात जनरल इलेक्ट्रिकच्या लिन इथल्या कारखान्याबरोबर एक संयुक्त अभ्यासक्रम उभा राहिला. त्यात विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात काढत. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी १९१२ मध्ये विजेवरच्या पुस्तकांचा एक प्रचंड संग्रह विकत घेऊन संस्थेला दिला आणि विभागातल्या संशोधन शाखेलाही हात दिला. उद्योग दारातून आत आला तो असा, पुस्तके आणि पैसा घेऊन.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो जरा जास्तच आत आला. पहिल्या महायुद्धानंतर संस्थेला पैशांची चणचण होती. तेव्हा १९२० च्या सुमारास 'टेक्नॉलॉजी प्लॅन' नावाची योजना निघाली. कंपन्यांनी वार्षिक रक्कम भरायची आणि त्या बदल्यात प्राध्यापकांचा सल्ला, ग्रंथालय आणि माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांना खुल्या व्हायच्या. कंपनीच्या कामाचे संशोधन वाढले, मूलभूत प्रश्नांना वेळ उरेना. रसायनशास्त्रातले आर्थर नॉईस यांच्यासारखे, शुद्ध विज्ञानाचा आग्रह धरणारे प्राध्यापक संस्था सोडून कॅलिफोर्नियाला गेले. विसाव्या शतकातले तिसरे दशक संपताना एमआयटीतून उत्तम कामाचे अभियंते बाहेर पडत होते, पण तिचा भौतिकशास्त्र विभाग देशातल्या आघाडीच्या विभागांच्या मागे पडला होता.

या वळणावर दोन माणसांनी जे केले, ते या लेखाचे खरे कारण आहे.

पहिले जेरार्ड स्वोप. १८९५ मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले. त्याच तुकडीत आल्फ्रेड स्लोन होते, पुढे जनरल मोटर्स घडवणारे. स्वोप तरुणपणी शिकागोला नोकरीला असताना हल हाऊस या सेवाकेंद्रात राहून कामगारांना शिकवत. १९२२ मध्ये ते जनरल इलेक्ट्रिकचे अध्यक्ष झाले. दुसरे फ्रँक ज्युएट. त्यांची पदवी शिकागोची, पण सुरुवातीची दोन वर्षे त्यांनी एमआयटीत शिकवले होते. १९२५ मध्ये बेल लॅबोरेटरीज स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. दोघेही एमआयटीच्या कॉर्पोरेशनवर होते. देशातल्या सर्वांत मोठ्या विद्युत कंपनीचा आणि सर्वांत मोठ्या टेलिफोन प्रयोगशाळेचा प्रमुख एकाच टेबलाशी बसलेले. एमआयटीच्या पदवीधरांना सर्वांत जास्त नोकऱ्या देणाऱ्यांपैकी हे दोघे होते.

त्यांनी काय मागितले असते तर ते स्वाभाविक वाटले असते? आमच्या यंत्रांवर पहिल्या दिवसापासून काम करू शकतील अशी मुले द्या, हे. आज आपल्याकडे उद्योगांतून महाविद्यालयांत येणारे बहुतेक जण हेच मागतात, आणि त्यात गैर काही नाही. स्वोप आणि ज्युएट यांनी उलट मागितले. संस्था फार व्यवहारी झाली आहे, तिचा पाया विज्ञानाचा हवा, आणि त्यासाठी अध्यक्ष म्हणून शास्त्रज्ञ आणा, असा त्यांचा आग्रह होता. प्रिन्स्टनच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख कार्ल कॉम्प्टन यांना ते भेटले. कॉम्प्टन आपल्या संशोधनात रमलेले होते, त्यांना प्रिन्स्टन सोडायचे नव्हते. या दोघांनी त्यांचे मन वळवले आणि १९३० मध्ये कॉम्प्टन एमआयटीचे अध्यक्ष झाले.

या आग्रहामागे त्यांचा रोजचा अनुभव होता. जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर विजेच्या दिव्यातली तार आणि वायू यांचा अभ्यास करता करता पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रापर्यंत पोचले होते आणि १९३२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ज्युएट यांच्या प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन यांनी इलेक्ट्रॉनचे तरंगरूप दाखवले होते, त्यांना १९३७ मध्ये नोबेल मिळाले. कारखान्याला उद्या काय लागेल हे कारखान्यातल्या आजच्या यंत्रावरून कळत नाही, हे या दोघांनी आपल्याच छताखाली पाहिले होते. कंपनीच्या हिताचा विचार त्यांनी सोडला नव्हता. तो त्यांनी वीस वर्षे पुढचा केला.

फळ विद्युत विभागाने चाखले. व्हॅनेव्हर बुश हे याच विभागातले प्राध्यापक. वीजवाहिन्यांच्या जाळ्यांची किचकट समीकरणे सोडवताना त्यांना यंत्राची गरज भासली आणि १९३१ पर्यंत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह डिफरन्शियल ॲनालायझर उभा केला. दांडे, चाके आणि चकत्या फिरवून समीकरणे सोडवणारे ते खोलीभर यंत्र. १९३२ मध्ये कॉम्प्टन यांनी त्यांना उपाध्यक्ष आणि अभियांत्रिकीचे अधिष्ठाता केले. हे यंत्र चालवायला १९३६ मध्ये मिशिगनहून एक मुलगा आला, क्लॉड शॅनन. यंत्राला जोडलेल्या रिले स्विचांकडे पाहताना त्याच्या ध्यानात आले की स्विच उघडे-बंद असण्याचे गणित आणि बूल या गणितज्ञाचे तर्काचे बीजगणित एकच आहे. मधल्या एका उन्हाळ्यात तो बेल लॅबोरेटरीजमध्येही काम करून आला. १९३७ मध्ये त्याने एमएससाठी लिहिलेल्या प्रबंधावर पुढे सगळ्या डिजिटल मंडलांची रचना उभी राहिली. शॅननचा हा प्रबंध कुठल्या कंपनीने मागवलेला नव्हता. तो घडला, कारण त्या विभागात स्विचकडे गणिताच्या नजरेने पाहायला मोकळीक होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर गॉर्डन ब्राऊन विभागप्रमुख झाले आणि १९५० च्या दशकात त्यांनी अभ्यासक्रम मुळापासून बदलला. भौतिकशास्त्र, क्षेत्रसिद्धांत, इलेक्ट्रॉनिकी हे पायाशी आले. मोटारी आणि जनित्रे एकेक करून शिकवण्याची जुनी रीत मागे पडली. याची किंमत नव्हती असे मी म्हणणार नाही. वीजनिर्मिती आणि वीजवहन हे विषय त्यानंतर अनेक वर्षे तरुणांना जुनाट वाटत राहिले, आणि त्याचे लोण जगभरच्या विद्युत विभागांत पसरले. तरीही दिशा योग्य होती, असे मला वाटते. तिची एक शाखा आपल्याकडेही आली. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत विभागाचे प्रमुख राहिलेले पुरुषोत्तम काशिनाथ केळकर १९५९ मध्ये आयआयटी कानपूरचे पहिले संचालक झाले. १९६२ ते १९७२ या दहा वर्षांत नऊ अमेरिकन विद्यापीठांनी कानपूरला साहाय्य केले, त्यांत एमआयटी होती. प्रत्येक अभियंत्याला सुरुवातीची वर्षे विज्ञान आणि मानव्यविद्यांचा समान पाया, ही केळकरांच्या कानपूरची ओळख झाली.

सल्ला आणि पैसा यांची नाती कशी ठेवायची, हेही या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांनी दाखवले आहे. अमर बोस इथेच शिकले आणि इथेच त्यांनी चार दशकांहून अधिक काळ शिकवले. ध्वनिवर्धकांची त्यांची कंपनी जगाला ठाऊक आहे. २०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला दिले, पण मतदानाचा हक्क नसलेले. लाभांश शिक्षण आणि संशोधनासाठी. समभाग विकायचे नाहीत, कंपनीच्या कारभारात संस्थेने पडायचे नाही. ॲनालॉग डिव्हाइसेस ही कंपनी काढणारे रे स्टाटा १९५७ चे पदवीधर. २००४ मध्ये उघडलेल्या, वेड्यावाकड्या भिंतींच्या संगणकशास्त्राच्या इमारतीला त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे नाव आहे. कॉर्पोरेशनवरही ते दीर्घकाळ होते. इमारतीला नाव देता येते, कॉर्पोरेशनवर बसता येते, पण कोणता विषय कसा शिकवायचा हे प्राध्यापकच ठरवतात. ही सीमा स्पष्ट असल्यामुळे दोन्ही बाजूंना संकोच उरत नाही.

या परंपरेतला एक माणूस पुण्यात येऊन बसला, आणि त्याची पुरेशी दखल आपण घेतलेली नाही. फकीरचंद कोहली, जन्म १९२४, पेशावरचा. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातून पदवी आणि १९५० मध्ये एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी. १९५१ मध्ये ते टाटा इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. मुंबईला वीज पुरवणाऱ्या जाळ्याचे नियोजन संगणकावर करायला त्यांनी सुरुवात केली आणि त्या अनुभवाच्या बळावर पुढे टीसीएस उभी केली. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला २००३ च्या सुमारास स्वायत्तता मिळाली तेव्हा त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद कोहलींनी स्वीकारले. टीसीएसला हजारो अभियंते लागत होते आणि ते कुठूनही मिळत होते. सत्तरी उलटलेल्या माणसाला १८५४ मध्ये सुरू झालेल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या बैठकांना बसायची गरज नव्हती. पण आयआयटींपलीकडच्या महाविद्यालयांतले पदवीचे शिक्षण सुधारल्याखेरीज देशाचे अभियंते सुधारणार नाहीत, हे ते वर्षानुवर्षे सांगत होते, आणि सांगून थांबले नाहीत. स्वोप आणि ज्युएट यांच्याच जातीचा हा सल्ला.

आपल्याकडे चौकट नाही असे नाही. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार माजी विद्यार्थ्याची जागा असते. नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र मुद्दा आहे, पण त्यात त्यांनी किती लाख रुपये दिले हे मोजले जाते, त्यांनी विभागात काय पाहिले हे नाही. महाराष्ट्रातल्या विद्युत विभागांतून गेल्या पन्नास वर्षांत बाहेर पडलेले लोक महावितरणच्या उपकेंद्रांपासून कॅलिफोर्नियातल्या चिप कंपन्यांपर्यंत पसरले आहेत. स्नेहसंमेलनाला ते येतात, देणगीही देतात. त्यांच्यातल्या पाच-सहा जणांना दर दोन वर्षांनी दोन दिवस विभागात बोलवावे, पूर्वतयारीचे कागद आधी पाठवावेत, तिसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर दार बंद करून तासभर बसू द्यावे, प्रयोगशाळेतला कोणता प्रयोग शेवटचा कधी बदलला हे विचारू द्यावे, आणि त्यांचे म्हणणे प्राचार्यांना डावलून नव्हे तर प्राचार्यांसमोरच नियामक मंडळाने ऐकावे. याला नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही. येणाऱ्यांनी मात्र आपल्या कंपनीला उद्या कोणती मुले हवीत ही यादी घरी ठेवून यायला हवे.