जुन्या डिझेल ट्रकमधील विजेचे दोष

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्यामुळे बहुतेक जुने ट्रक एकदा सुरू झाले की विजेवाचून चालतात, आणि दोष उघड होतो तो शेतमाल भरून बाजारास निघताना. मग तपासणी न करताच नवी बॅटरी आणली जाते. हा खर्च कित्येकदा व्यर्थ जातो.

प्रथम पुढील दिवे लावून स्टार्टर दाबावा. दिवे फार मंदावल्यास बॅटरी उतरलेली किंवा तिचे जोड खराब आहेत असे समजावे. दिवे तसेच तेजस्वी राहिल्यास स्टार्टरचा स्विच, त्याची तार अथवा इंजिनाची अर्थ-पट्टी पाहावी. स्टार्टर दाबलेला असता बॅटरीचे अर्थकडील टर्मिनल व इंजिन यांमध्ये ०.५ व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर अर्थचा जोड गंजलेला किंवा सैल आहे. तो घासून घट्ट करावा.

इंजिन चालू असता १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४, व २४ व्होल्टच्या जोडीवर सुमारे २८ व्होल्ट दिसावेत. कमी दिसल्यास आधी पट्टा ताणून पाहावा.

जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये. टर्मिनल सोडताना अर्थची तार आधी काढावी व जोडताना शेवटी लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने भडकतो, म्हणून तेथे विडी पेटवू नये.